डबी हलवू नये

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, आणि चौथीतलंही अर्धं वर्ष धाकट्या भावाला सांभाळण्यात गेलं. कुठं ऱ्हस्व, कुठं दीर्घ हे तेव्हा कळलं नाही आणि आता नात झाल्यावर कुणाला विचारायचं? ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी पत्र्याच्या पेटीतून कधी कुणाच्या हाती लागलीच, तर वाचणाऱ्यानं चुका पोटात घालाव्यात.

अक्षरं वेडीवाकडी दिसतात त्याला आणखी एक कारण आहे. ही वही मुळात लिहायची नाहीच. हे सरांचं रजिस्टर आहे. प्रत्येक पानावर उभ्या रेघा आहेत आणि वर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलंय : घर, खोल्या, खिडक्या, डबीची जागा, डबी हलवली का. मागची पानं कोरी राहिली, ती मला मिळाली. मी रेघांना न जुमानता आडवी लिहीत सुटलेय. सर इथं असते तर म्हणाले असते, "रकाना सोडून काहून लिहून राहिल्या?"

सर म्हणजे डबीवाले सर. नावाला सर. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. एका मोठ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेचं सामान मांडायचं, पोरांनी वापरलं की धुवायचं आणि मोजून कपाटात ठेवायचं, हे काम त्यांनी उभा जन्म केलं. रिटायर झाले तरी मोजायची सवय सुटली नाही. आमच्या भागात जमिनीखालून अधूनमधून गुरगुर आवाज येतो, मांडणीवरची भांडी वाजतात. त्या जमिनीचा अभ्यास करणाऱ्या त्यांच्या जुन्या साहेबांना गावोगाव घरांतून डब्या टांगणारा माणूस पाहिजे होता. सर एक पिशवी, एक छत्री आणि खोकंभर डब्या घेऊन नरसीच्या फाट्यावर एसटीतून उतरले आणि आमच्या गल्लीत वेल्डिंगवाल्या चाचांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिले.

डबी काळ्या प्लास्टिकची, चुन्याच्या डबीपेक्षा थोडी मोठी. झाकणाला सुईएवढं भोक आणि आत फिल्मचा तुकडा. ती तीन महिने खोलीत टांगायची. मग फिल्म कॉलेजात जायची, तिथं ती औषधात धुऊन दुर्बिणीखाली बघायची. जमिनीतून जो रेडॉन नावाचा वायू निघतो तो त्या फिल्मवर बारीक बारीक खुणा करून ठेवतो म्हणे. खुणा जेवढ्या जास्त, तेवढा वायू जास्त.

हा वायू म्हणजे काय, ते सर प्रत्येक ओसरीत बसून सांगत. आमच्या घरी सांगितलं ते मी स्वयंपाकघराच्या पडद्याआडून ऐकलं.

"दगडामातीतून निघते. उघड्यावर उडून जाते, बंद खोलीत साठते. वास न्हाई, रंग न्हाई, अन् भाडं न देता राहते. एक-दोन दिवसांत काई होत न्हाई. पण वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकते. बिडीवाल्याला धोका आणखी जास्त."

हे ऐकून आमच्या मालकांनी कानामागची बिडी हळूच खिशात टाकली. सरांनी छत्रीचं टोक त्या खिशावर ठेवलं आणि तसेच बसून राहिले. शेवटी मालकांनी बिडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "बंडल कुठं हाय?" सर म्हणाले.

त्यांची छत्री पावसात कधी उघडलेली मी पाहिली नाही. पावसात ते भिजत जायचे. छत्रीवर त्यांनी नेलपॉलिशच्या लाल खुणा केल्या होत्या. बसलेल्या माणसाचं नाक किती उंचीवर येतं, खाटेवर निजलेल्याचं किती, त्याच्या त्या खुणा. खिळा त्या मापानंच ठोकायचा. "जिथं माणूस श्वास घेते तिथं डबी. देवाच्या फोटोजवळ न्हाई, चुलीजवळ न्हाई, दारात न्हाई." खिळे शर्टाच्या खिशात असायचे, त्यामुळं ते चालू लागले की पैंजण घातल्यासारखा आवाज यायचा.

रस्त्यात कुणी भेटलं तर लोक जेवण झालं का विचारतात. सर विचारायचे, "खिडकी उघडी हाय का?" आम्ही बाया पाण्याला जाताना एकमेकींना तसंच विचारून हसायचो. सरांना ते कळलं होतं. एकदा त्यांनी मागून उत्तर दिलं, "तुमच्या चौघींपैकी तिघींच्या घराला खिडकीच न्हाई." खरंच नव्हती.

सुरुवातीला त्यांनी डब्या फुकट दिल्या. एका घरी डबीला हळदकुंकू लावलं आणि भोक बुजलं. एका घरी तिच्यात तपकीर निघाली. एकीनं तर रडणाऱ्या लेकराला खुळखुळा म्हणून दिली. तेव्हापासून सरांनी नियम केला : घरटी शंभर रुपये ठेवायचे, तीन महिन्यांनी डबी त्याच खिळ्याला सापडली की शंभरचे शंभर परत. लोक म्हणाले, आजवर सर्वे करणारे आले ते काहीतरी देऊन गेले, हे पहिलेच घेणारे. सर म्हणाले, "फुकटाच्या डबीत तपकीर ठेवता तुमी. पैशाच्या डबीला जपसान."

चाचा खाली वेल्डिंग करता करता म्हणायचे, "सर, ये गैस दिखती नै, सूंघने में आती नै, फिर भी आप इसके पीछे फिर रै. आपका किराया तो मेरेकू दिखता." सर दर एक तारखेला भाडं मोजून देत आणि चाचांकडून सही घेत. सगळ्या गावात ते चहा फक्त चाचांच्या दुकानात प्यायचे. दुसऱ्या कुणाकडं नाही. तपासणी चालू असलेल्या घरचा चहा म्हणजे लाच, असं त्यांचं म्हणणं. चाचांच्या दुकानाला तीन भिंती होत्या आणि दार नव्हतं. तिथं तपासायला काही नव्हतंच.

आमच्या घरी डबी आतल्या खोलीत लागली. ती बाळंतिणीची खोली. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, सगळ्या लेकरांनंतर तिथंच निजल्या, मीही तिथंच. खिडकी नाही, खाली शहाबादी फरशी, दार लावलं की दिवसाही दिवा लागतो. त्या वर्षी माझी लेक पहिलटकरीण होती, हिवाळ्यात माहेरी बाळंतपणाला येणार होती. सव्वा महिना ती आणि तिचं लेकरू त्या बंद खोलीत राहणार. म्हणूनच मी साडीला फॉल लावून जमवलेले शंभर रुपये दिले. द्यायला स्वतः गेले नाही. मी कधी परक्या माणसाशी समोरून बोलत नव्हते. ओसरीत सर, मध्ये आत्याबाई, पडद्याआड मी, असं आमचं बोलणं चालायचं.

"आत्याबाई, सरला विचारा, डबीला झाडू लागला तर चालंल का?"

"सर, झाडू लागला तर चालंल का म्हणते."

"मला ऐकू आलं, आजी. त्यांना म्हणा, चालंल. फक्त हलवू नका."

"हलवू नको म्हणते गं."

"ऐकलं, आत्याबाई."

आषाढात डबी लागली. भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं त्या आतल्याच खोलीत बसतात, वर फुलोरा टांगतात, करंज्या, साटोऱ्या, वेण्या. मुखवटे चढवले तेव्हा पाहिलं तर डबीचा खिळा बरोबर मोठ्या महालक्ष्मीच्या कानापाशी.

"देवीच्या कानाशी ते काळं काय लटकून राहिलं?" आत्याबाई म्हणाल्या. "काढ ते. तीन दिवसांचा तर सवाल हाय."

मी डबी काढली आणि ओसरीतल्या खुंटीला अडकवली. तीन दिवसांनी देवी गेल्या. मग पाहुण्यांचं आवरणं, मग सोयाबीनची काढणी, मग मळणी. डबी ओसरीतच राहिली. सर डबी काढायला येणार त्याच्या आदल्या दिवशी आठवलं. मी धावत जाऊन ती आतल्या खिळ्याला लावली, वरची धूळ तेवढी राहू दिली.

दुसऱ्या दिवशी सरांनी रजिस्टर उघडलं. "डबी हलवली का?"

"न्हाई जी," आत्याबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. देवीसाठी सरकवलं ते त्यांच्या हिशेबी सरकवणं नव्हतं, आणि पुढचं त्यांना माहीत नव्हतं. पडद्याआड मी होते. सरांनी रकान्यात 'नाही' लिहिलं आणि शंभराची नोट आत्याबाईंच्या हातावर ठेवली.

ती नोट मी खर्च केली नाही. रेशनकार्डात ठेवली.

मार्गशीर्षात निकालाचा कागद आला. सर ओसरीत बसून म्हणाले, "खोली चांगली हाय. बिनघोर झोपवा पोरीला." लेक तोवर आलेली होती, सातवा सरून आठवा लागला होता. ती आनंदानं खोली आवरायला लागली, खाट टाकली, शेगडीची जागा केली. पण खोली चांगली हे कुणाला ठाऊक? डबी तर ओसरीत वारा खात होती. लेक विचारायची, "आई, काय झालं? बोलून नाई राहिली." मी म्हणायचे, काही नाही.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी मी कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि त्याच्या मागं लिहिलं. तोंडानं जमलं नसतं. लिहायला सकाळ गेली. एवढंच होतं : सर डबी मी हलवली. महालक्ष्मीत. दोन महिने ओसरीत होती. लेक त्याच खोलीत निजनार हाय.

त्यात शंभराची नोट घडी घातली आणि चाचांच्या दुकानात गेले. सर लोखंडी स्टुलावर चहा पीत होते. मी कागद त्यांच्यापुढं धरला आणि खाली बघत उभी राहिले. वेल्डिंगचा आवाज थांबला. सरांनी कागद वाचला, उलटून कॅलेंडरच्या तारखा वाचल्या, परत उलटून पुन्हा वाचला. मला वाटलं आता चिडतील. गाव म्हणत होतं, एका मोठ्या माणसाला त्यांनी तपकिरीवरून भर चावडीत सुनावलं होतं.

सरांनी चाचांना कागद दाखवला. "चाचा, इतक्या घरांत डब्या लावल्या. पहिलं खरं रीडिंग हे आलं."

"पढ़ा नै जा रा मेरेकू," चाचा म्हणाले.

"मलाही कष्टच पडले. पण रीडिंग खरं हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हणजे ताई, तुमची ओसरी चांगली निघाली. खोली तर अजून तपासलीच न्हाई. दिवस कधीचे हायेत पोरीचे?"

मी बोटांवर मोजून म्हटलं, दीड महिना. आणि मग मला कळलं की मी त्यांच्याशी बोलले, पडदा नसताना.

नोट त्यांनी परत दिली नाही. दया वगैरे त्यांच्या रजिस्टरात नव्हती. "शंभर जमा. डबी बराबर निघंपर्यंत माझ्याकडं राहतील," म्हणाले, आणि 'नाही' खोडून 'हो, स्वतः सांगितलं' असं लिहिलं. अर्धा चहा तसाच ठेवून ते त्याच दुपारच्या एसटीनं कॉलेजच्या गावाला गेले.

चौथ्या दिवशी परतले ते कडेवर लेकरू घेतल्यासारखं काहीतरी मफलरमध्ये गुंडाळून. ते यंत्र होतं, टिफिनच्या डब्याएवढं, वर आकडे दिसणारं. आठ दिवसांच्या बोलीनं मागून आणलेलं. "डबीला तीन महिने लागते. हे आठ दिवसांत सांगते," म्हणाले. पहिले दोन दिवस ओसरीत, मग सहा दिवस आतल्या खोलीत, दार लावून. लेकीला ओसरीत निजवलं. सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा. सरांनी रजिस्टर आणि पेन पडद्याच्या फटीतून माझ्यापुढं सरकवलं.

मी म्हटलं, "आत्याबाई, सरला सांगा, मला लिहायला जमत न्हाई."

आत्याबाईंनी सांगायच्या आतच सर म्हणाले, "आकड्याला ऱ्हस्व-दीर्घ नसते. लिहा तुमी."

मी लिहिले. ओसरीचे आकडे लहान होते, रोज जवळपास सारखे. खोलीचे पहिल्या दिवसापासून चढत गेले. सहाव्या दिवशी सकाळी ओसरीच्या चौपट होते. दोन्ही पानं शेजारी ठेवल्यावर कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझी खोटी डबी चालली असती तर लेक केव्हाच आत निजली असती.

सर खोलीत गेले आणि छत्रीच्या टोकानं फरशी वाजवत फिरले. टक, टक, टक. मधल्या मोठ्या फरशीवर आवाज बदलला. घागरीवर टिचकी मारावी तसा.

"आजी, खाली काय हाय?"

आत्याबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "पेव हाय की."

पेव म्हणजे जमिनीत खणलेली घागरीसारखी खड्ड्याची कोठी. आमच्या मालकांचे आजोबा त्यात ज्वारी भरून ठेवायचे. मी या घरात येऊन तीस वर्षं झाली, मला माहीत नव्हतं.

"आजवर काहून न्हाई सांगितलं?"

"विचारलं कुणी? तुमी खिडक्या विचारत होते."

सर खाली बसले. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "बुजवलं न्हाई ना?"

"बुजवायला माती कोण आणंल? वरून फरशी टाकली. पण पेवातल्या वाफेची गोष्ट आमाला सांगू नका, सर. आमच्या सासऱ्यानं सांगितलं होतं, पेव उघडलं की लगेच आत उतरायचं न्हाई, आधी कंदील सोडायचा. विझला तर माणूसही विझते."

"ती वाफ वेगळी, आजी. ती तिथल्या तिथं मारते. ही सावकाशीनं चालते. पण दोघींचं घर एकच. पेवाच्या भिंतीतून निघते अन् फरशीच्या फटीतून वर येते." मग ते उठले आणि भिंतीकडं बोट दाखवलं. "इथं एक खिडकी फोडू."

आता आत्याबाईंचा आवाज चढला. "बाळंतिणीच्या खोलीला खिडकी? वारं लागलं मंजे? मी सहा बाळंतपणं काढली त्या खोलीत, एक झुळूक येऊ दिली न्हाई. पोरगी वाताला गेली तर तुमची पेटी शेक देईल का?"

लेक पोटावर हात ठेवून बसलेली. मला दोघांचंही पटत होतं, तेच अवघड होतं. सर छत्री घेऊन निघून गेले.

संध्याकाळी ते चाचांना घेऊनच आले. "आजी, तुमचं खरं. बाळंतिणीला वारं लागू नये. आपण पेवाला लावू."

"काय?"

"फरशीला एक भोक. त्यातून चार इंची पाइप, भिंतीतून बाहेर, पत्र्याच्या वर. फटी सगळ्या सिमेंटनं बंद. पेवातली हवा पाइपानं परस्पर वर जाईल, खोलीत यायची न्हाई. वर एक लहान पंखा लावू, तो वढून घेईल. खोली जशीच्या तशी गरम."

आत्याबाईंनी त्या फरशीकडं बघितलं. "म्हणजे वारं पेवाला?"

"पेवाला."

"पेवाला लागू द्या. त्याला कुठं वात होते."

चाचांनी दोन दिवसांत काम केलं. पाइप त्यांनी आमच्या मोडक्या टिनाच्या बदल्यात दिला, पंखा कुणाच्या तरी मोडलेल्या न्हाणीघरातला. काम करताना म्हणाले, "अम्मा, सब लोग चिमनी चूल्हे पे लगाते. तुमने जमीन पे लगाई." काम झाल्यावरही सरांनी यंत्र आणखी चार दिवस ठेवून घेतलं, त्यासाठी कॉलेजात फोनवर त्यांनी इतक्या वेळा 'सॉरी साहेब' म्हटलं की आत्याबाईंनाही तो शब्द पाठ झाला. आकडे मी लिहिले. तिसऱ्या दिवशी खोलीचा आकडा ओसरीच्या आकड्याजवळ येऊन बसला, चौथ्या दिवशीही तिथंच. मी ते पान लेकीला दाखवलं. ती म्हणाली, "आई, तुझे आकडे किती छान हायेत गं."

लेकीला हिंगोलीच्या दवाखान्यात मुलगी झाली. सव्वा महिना दोघी आतल्या खोलीत राहिल्या, शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं आत्याबाईंच्या मनासारखं. सर एकदा बाळ बघायला आले. दारातच उभे राहून म्हणाले, "पंखा चालू हाय का?" मग बाळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "बराबर हाय." चहाला नाही म्हणाले. तपासणी संपली नव्हती. "आठ दिवसांचं ऐकलं. आता तीन महिन्यांचं ऐकायचं राहिलं."

पुढच्या आषाढात डबी परत त्याच खिळ्याला लागली. भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. मी मुखवटे हातात घेऊन खोलीत उभी होते, काय करावं कळेना. आत्याबाई आल्या, डबीकडं बघितलं, मोठ्या महालक्ष्मीचा मुखवटा जिच्यावर बसतो त्या आडणीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "यंदा समोरच्या भिंतीला बसव. आई सरकंल, तिला राग न्हाई. डबी सरकली तर ते बाबा आणखी एक साल चहा पिणार न्हाई."

त्या वर्षी देवी पूर्वेच्या भिंतीला बसल्या. गल्लीतल्या बाया ओटी भरायला आल्या की विचारायच्या, जागा काहून बदलली. आत्याबाई डबीकडं बोट दाखवून सांगायच्या, "तपासणी चालू हाय."

डबी काढून झाल्यावर सरांचं आमच्या गावातलं काम संपलं. ते कळमनुरीला बहिणीकडं राहायला गेले. जाताना चाचांकडून भाड्याची शेवटची सही घेतली, ती देताना चाचांनी डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा ओढून घेतला होता.

दिवाळीनंतर महिन्याभरानं एक दिवस दुपारी ओसरीत खिळ्यांचा आवाज आला. सर उभे होते, काखेत रजिस्टर. आत्याबाई माहेरपणाला आलेल्या लेकीला घेऊन शेतात गेल्या होत्या. मध्ये बोलायला कुणी नव्हतं. नात जमिनीवर रांगत होती, ती सरळ जाऊन त्यांच्या छत्रीला धरून उभी राहिली. सरांनी पाहिलं, तिचं नाक कोणत्या खुणेपर्यंत येतं ते.

"निकाल आला," ते म्हणाले. "खोली चांगली हाय. आता खरोखर."

मी पडदा बाजूला केला आणि बाहेर आले. "बसा, सर."

ते खाली बसले, रजिस्टर उघडलं, आमच्या घराचं पान काढलं. 'डबी हलवली का' या रकान्यात त्यांनी मला लिहायला सांगितलं. मी लिहिलं : नाही. त्यापुढं सही केली. माझी सही काढायला वेळ लागतो, ते थांबले. मग त्यांनी खिशातून खिळे बाजूला सारत एक घडी काढली. कॅलेंडरचं ते पान. त्यात माझीच शंभराची नोट होती, तशीच. नोट त्यांनी माझ्या हातावर ठेवली, पान परत खिशात घातलं आणि रजिस्टर माझ्याकडं सरकवलं, ठेवून घ्यायला.

"शंभरचे शंभर. मोजून घ्या."

एकच नोट होती. तरी मी मोजली.

"आता टाका चहा," सर म्हणाले.